रत्नागिरीतला ए मायनर

त्या काळी रत्नागिरीत गिटार शिकवणारा एकच माणूस होता आणि त्याला गिटार येत नव्हती. हे मला कळायला निम्मा पावसाळा गेला. गावाला ते कधीच कळलं नाही. कळलं असतं तरी गावाने मनाला लावून घेतलं नसतं. मुंबईहून परत आलेल्या माणसाला आमच्याकडे तो तिथे काय करत होता हे विचारायची पद्धत नव्हती. तो मुंबईत होता, एवढं पुरत असे.

गिटार मला मामाने आणून दिली. मामा बोटीवर होता. सुट्टीवर येताना तो प्रत्येकासाठी काहीतरी आणायचा, फक्त ज्याने जे मागितलं असेल ते सोडून. आईने मिक्सर मागितला तेव्हा तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, ज्यातून दर तासाला एक लाकडी पक्षी बाहेर येऊन किंचाळायचा. मी टेपरेकॉर्डर मागितला होता. मे महिन्यात मामा आला तो खांद्याला गिटार अडकवून.

"कुठल्याशा बंदरात एक खलाशी विकत होता," तो म्हणाला. "टेपरेकॉर्डरवर काय, दुसऱ्याची गाणी. ह्यावर तुझी तू वाजव."

मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती, पुढे कॉलेजात बी.कॉम.ला नाव घालायचं होतं. मला दुसऱ्याचीच गाणी ऐकायची होती. पण आलेली वस्तू परत बोटीवर जाणार नव्हती.

बाबा पोस्टात होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांनी गिटार दोन्ही हातांनी उचलून फणसासारखी वजनाला पाहिली, वरून टिचकी मारली आणि म्हणाले, "भोपळ्याला कंबर काढलीय झालं." पुन्हा तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाबांची गंमत अशी, की गावातले शास्त्रीय गाणं शिकवणारे एक बुवा बाबांच्या पेटीलाही असंच नाक मुरडत. पेटीत खरे सूर नसतातच, म्हणायचे. बाबांना त्याचा भयंकर राग येई. स्वतः दुसऱ्याच्या वाद्याला नाक मुरडताना मात्र त्यांना काही आठवत नसे.

जून महिन्यात मी क्लास लावला.

क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत होता. खाली गिरणी चालू झाली की वरची फळ्यांची जमीन थरथरायची आणि फटींमधून पिठाचा धुरळा वर यायचा. तासभर बसलं की आमच्या गिटारींवर आणि भुवयांवर तांदळाचं पीठ बसलेलं असे. आम्ही पाच जण होतो, मी आणि चार मुलगे. त्यांतला एक आंब्याच्या बागायतदाराचा मुलगा, तो पावसाळ्यात आणि त्या अंधाऱ्या खोलीतही काळा चष्मा लावून बसायचा. बाकीचे तिघे त्याचे मित्र, तो जे करील ते करणारे.

आणि सर. केस कानांवर आलेले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पायात टोकदार बूट. अख्खं गाव रबरी चपला घालून चिखल तुडवत असताना सर बूट घालून यायचे आणि जिन्यात उभे राहून ते फडक्याने पुसायचे. बोलण्यात दर वाक्याला "यू नो". पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, "मी बॉम्बेला ऑर्केस्ट्रामध्ये होतो. यू नो, रोज शो." बागायतदाराच्या मुलाने चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. एवढा मान त्याने कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनाही दिला नव्हता.

शिकवण्याआधी सर सगळ्यांच्या गिटारी लावून द्यायचे. तो एक सोहळाच असे. गिटार मांडीवर घ्यायची, डोळे मिटायचे, मान एका बाजूला टाकायची. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये बोट दाबायची घरं. जाड तारेवर पाचव्या घरात बोट दाबून जो सूर येईल, त्याला पुढची तार मिळवायची. मग त्या तारेचं पाचवं घर आणि त्याच्या पुढची तार. सर पुटपुटायचे, "पाचवं घर, पुढची तार. पाचवं घर, पुढची तार." सहाही तारा झाल्या की डोळे उघडून "रेडी" म्हणायचे.

पहिला धडा ए मायनर हा कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम; तारा मोजायच्या त्या बारीक तारेपासून.

"पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, पहिल्या घरात. दुसरं बोट चौथ्या तारेवर, दुसऱ्या घरात. तिसरं बोट त्याच्या खाली, तिसऱ्या तारेवर. आता वरून खाली हात फिरवा. हा ए मायनर. मेजर म्हणजे हॅपी, मायनर म्हणजे सॅड. यू नो, दर्द."

एसटीच्या दोघांच्या बाकावर तिघे बसावेत तशी ती तीन बोटं एकमेकांना ढकलत होती. एक नीट बसवलं की दुसरं तारेवरून घसरायचं. मी हात फिरवला. खाली गिरणी चालू होती, तिच्या आवाजातून जे काही ऐकू आलं त्यात मला दर्द सापडला नाही. दाढ ठणकत असताना कुणी गार पाणी प्यायला द्यावं, तसलं काहीतरी वाटलं.

"सर, बरोबर वाटत नाही," मी म्हटलं.

सरांनी माझा हात न बघताच सांगितलं, "बोटं. लेडीज लोकांची बोटं आखूड असतात. प्रॅक्टिस."

चारही मुलगे हसले. त्यांच्या गिटारींतूनही तोच ठणका निघत होता, पण त्यांची बोटं लांब होती, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

मी मूर्खासारखी त्यावर विश्वास ठेवला. घरी माजघरात बसून रोज संध्याकाळी तीच तीन बोटं तारांवर दाबत राहायचे. आठवड्यात बोटांची टोकं सोलवटली. बांगडे साफ करताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. नारळ खवताना खोबऱ्याची वाटी हातातून सुटायची.

"बोटांना काय झालंय गो?" आईने विचारलं.

"ए मायनर."

"डॉक्टरना दाखव," आई म्हणाली.

आखूड बोटं लांब व्हावीत म्हणून मी ती ओढूनही बघत असे. आज तो प्रकार आठवला की मला सरांपेक्षा माझीच जास्त कीव येते. लहानपणापासून मी बाबांच्या पेटीजवळ वाढले होते. भजनात कुणाचा सूर केसभर हलला तर मला पाटावर बसल्या जागी कळायचं. पण समोरच्या माणसाच्या पायात बूट होते आणि तोंडात इंग्रजी होतं, तर मी माझ्या कानांना गप्प बसवलं आणि बोटांना दोष दिला.

मग एके दिवशी क्लास चालू असताना वीज गेली.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाणं ही बातमी नव्हे. पण गिरणी बंद पडली आणि त्या खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली. पट्टा फिरत फिरत थांबला, जमीन स्थिर झाली. नेमक्या त्याच वेळी पाच जणांनी मिळून ए मायनर वाजवला होता आणि तो गिरणीच्या आवाजाशिवाय, उघडा, खोलीत लोंबकळत राहिला.

असला भेसूर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पाच मांजरं एका पोत्यात घातली असती तरी त्यांच्यात काही एकमत झालं असतं.

बागायतदाराचा मुलगा म्हणाला, "सर, काय फील आला!"

सरांनी डोळे मिटले होते. "दर्द," ते म्हणाले.

मी चौघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं. एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. इंग्रजी संगीत म्हणजे असंच असतं, ते आपल्याला समजत नाही म्हणूनच ते भारी, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. त्या क्षणापासून मी त्या खोलीतल्या कुणाचाही मान ठेवला नाही.

घरी गेले ती सरळ बाबांच्या पेटीपाशी बसले. गिटार मांडीवर घेऊन ए मायनर धरला आणि एकेक तार वेगळी छेडून पेटीवर तो सूर शोधला. पाचवी तार मोकळी, तिला मी सा धरलं. चौथी दाबल्यावर पंचम. तिसरी दाबल्यावर पुन्हा वरचा सा. इथपर्यंत सगळं जिथल्या तिथे. दुसरी तार दाबली तर शुद्ध गंधार. आणि सगळ्यांत बारीक पहिली तार, जी मोकळीच वाजवायची, ती थेट कोमल धैवतावर.

पंचम आणि त्याला खेटून कोमल धैवत, दोन्ही एका वेळी. दाढ का ठणकत होती ते कळलं.

पडवीतून बाबांचा आवाज आला. "काय चाललंय? शुद्ध गंधार नि वर कोमल धैवत? कुठला राग हा?"

"ए मायनर."

"उदास असतो म्हणालीस ना तो? मग कोमल गंधार हवा. हा कुणी नेमला तुमचा मास्तर?"

मी दुसऱ्या तारेची खुंटी हळूहळू सैल केली. सूर खाली आला, पेटीची एक पट्टी उतरला, आणि कोमल गंधारावर टेकला. मग पहिली तार, तीही एक पट्टी खाली, पंचमावर. मग हात फिरवला.

काय सांगू? तो आवाज साधाच होता. पण त्या आवाजात सगळे सूर एकमेकांना ओळखत होते. मी सगळ्यांत जाड तार छेडली आणि सगळ्यांत बारीक छेडली, दोन्हींवर एकच सूर, एक खर्जात आणि एक वर. वाद्य जसं लावायला हवं तसं लागलं होतं, ह्याची मला त्यानंतर कुणाकडून खात्री करून घ्यावीशी वाटली नाही. आखूड बोटांनी मी तो पुन्हा पुन्हा वाजवला. पडवीतून बाबा म्हणाले, "आता माणसात आलं." त्यांच्याकडून गिटारला मिळालेली ही एवढीच शाबासकी.

दुसऱ्या दिवशी मी क्लासात सरांना सांगितलं. सरळ सांगितलं, सगळ्यांसमोर. "सर, तारा चुकीच्या लागतायत. दुसरी आणि पहिली चढ्या आहेत. ए मायनरमध्ये शुद्ध गंधार येतोय."

"काय येतोय?"

"गंधार. तो कोमल पाहिजे."

सर मुलांकडे बघून हसले. "हिचे वडील भजनात पेटी वाजवतात, यू नो. इथे गंधारबिंधार नसतो. हे वेस्टर्न आहे."

"मी लावलीय ती ऐका तरी."

त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली. ऐकली नाही. मान एका बाजूला टाकली, डोळे मिटले आणि "पाचवं घर, पुढची तार" सुरू केलं. दुसरी तार चढवली. पहिली चढवू लागले, ती टण्णदिशी तुटली आणि तिचं टोक त्यांच्या मनगटावर बसलं.

"बघितलंस? तू सैल केलीस म्हणून तुटली," मनगट चोळत सर म्हणाले.

रत्नागिरीत गिटारची तार मिळत नव्हती. भजनी मंडळातल्या कुणाचा तरी पुतण्या गणपतीच्या तयारीला मुंबईहून गावी येणार होता, त्याच्याकडून मागवावी लागली. तोपर्यंत मी पाच तारांवर भागवलं. नवी तार आल्यावर मी सरांना गिटारला हात लावू दिला नाही. "तुझी तू लाव," ते म्हणाले. "बेसूर वाजली तर मला सांगू नको."

मी क्लास का सोडत नाही, असं आई विचारायची. कारण सांगण्यासारखं नव्हतं. मला बघायचं होतं. हा माणूस कुठवर जातो आणि त्याच्यामागून ही चार मेंढरं कुठवर जातात, हे मला बघायचं होतं, आणि त्यात मला फार मजा येत होती.

ते गेले थेट गणेशोत्सवापर्यंत. बाजारपेठेजवळच्या एका मंडळाने सरांचा कार्यक्रम ठेवला. फलकावर लिहिलं, 'पाश्चात्त्य संगीताची मेजवानी', आणि त्याखाली, 'नंतर भजन'. सरांनी एक हिंदी सिनेमातलं रडकं गाणं निवडलं होतं. ते स्वतः गिटारवर चाल काढणार आणि आम्ही पाच जण मागे ओळीत बसून ए मायनर वाजवत राहणार. पूर्ण गाणंभर ए मायनर. दुसरा कॉर्ड अजून आमच्यापैकी कुणाला धड येत नव्हता.

आदल्या दिवशी तालमीत सरांनी मला बाजूला बोलावलं. "हे बघ, तुझी गिटार सगळ्यांपेक्षा वेगळी वाजते. बरं दिसत नाही. तू नुसता हात फिरव. आवाज येता कामा नये."

"म्हणजे मी न वाजवता बसू?"

"एक मुलगी पाहिजे स्टेजवर. शोभा येते."

मी जाऊन माझ्या जागेवर बसले. ह्याला सरांनी होकार समजला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. पुढे खुर्च्यांवर मंडळाचे लोक आणि प्रमुख पाहुणे, मागे चटयांवर बायका आणि पोरं, आणि अगदी शेवटी खांबांपाशी बाबांचं भजनी मंडळ, पेटी आणि पखवाज घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत. स्टेजवर दोन माइक होते. एक सरांपुढे ठेवला. दुसरा कुठे ठेवायचा, असा स्पीकरवाल्याला प्रश्न पडला. त्याने ओळीवरून नजर फिरवली, चार मुलगे आणि एक मुलगी बघितली, आणि माइक आणून बरोबर माझ्या गिटारपुढे उभा केला.

सरांनी खुणा केल्या. स्पीकरवाल्याला वाटलं, छान झालं म्हणतायत. त्यानेही अंगठा दाखवला.

सरांनी सुरुवात केली आणि चार गिटारींतून तो ठणका निघाला. मी हात फिरवला, आणि नुसता नाही फिरवला. होता नव्हता तेवढा जोर लावून वाजवला. माझा कोमल गंधार कर्ण्यांतून मंडपाबाहेर गेला, थेट रस्त्यापर्यंत, आणि त्याच्या अंगावर बाकीच्यांचा शुद्ध गंधार आणि कोमल धैवत धावून आले. मला वाटलं होतं, खरा सूर ऐकला की लोकांना फरक कळेल. काही कळलं नाही. जे आधी नुसतं वाईट होतं ते माझ्यामुळे आणखी वाईट झालं, एवढंच. चटयांवरचं एक पोर रडायला लागलं. मी थांबले नाही. सर वळून वळून बघत होते, त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवत होते.

गाणं संपलं. क्षणभर कुणालाच खात्री नव्हती की ते संपलंय. मग प्रमुख पाहुण्यांनी टाळी वाजवली आणि सगळ्या मंडपाने वाजवली.

पाहुणे निवृत्त अधिकारी होते. माइकवर येऊन त्यांनी सांगितलं की पाश्चात्त्य संगीतातला करुण रस आज प्रथमच रत्नागिरीकरांच्या हृदयापर्यंत पोहोचला, आणि "विशेषतः ह्या आमच्या कन्येने ज्या तन्मयतेने साथ केली" त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. मला नारळ आणि गुलाबाचं फूल मिळालं. खाली उतरल्यावर बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले. ज्यांच्या कानांवर एवढा वेळ अत्याचार झाला होता ते सगळे खूश होते. तो नारळ तिथेच कुणाच्या तरी डोक्यात फोडावासा वाटत होता.

खांबापाशी बाबा उभे होते. तोंडावर पंचा धरून. त्यांचे खांदे हलत होते. पखवाजवाले काका जमिनीकडे बघत होते, वर बघितलं असतं तर त्यांना आवरलं नसतं.

भजन आटोपून घरी जाताना बाबा म्हणाले, "तुझा गंधार तेवढा खरा होता."

"मग काय उपयोग झाला?"

"काही नाही. पाच जण चुकत असताना एकटी बरोबर वाजवायला लागलीस, तर लोक म्हणणार सहा जण चुकले." आणि पुन्हा हसायला लागले.

गणपती गेल्यावर सर आमच्या घरी आले. बाबा पोस्टात होते. सर पडवीत बूट काढून बसले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आईने पाणी दिलं आणि ती आत गेली.

"गिटार आण," ते म्हणाले. "काय केलंस ते दाखव."

"यू नो" नव्हतं. बोलण्यातला सगळा मुंबईचा हेल गेला होता आणि आतून राजापूरकडच्या कुठल्यातरी वाडीचं मराठी निघालं होतं.

मी गिटार आणून काय केलं ते दाखवलं. दुसरी तार अशी, पहिली तार अशी. सरांनी तिसरी तार पाचव्या घरात दाबली आणि दुसरी मोकळी छेडली. दोन्ही जुळेनात. मग त्यांनी बोट एक घर मागे घेतलं, चौथ्यात. जुळले. त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही तारा छेडून बघितल्या.

"चौथं," ते म्हणाले. "एका तारेला तो वेगळं करायचा. मला माहीत होतं की एका तारेला वेगळं करतो. कुठल्या, ते विसरलो."

"तो कोण?"

मग त्यांनी सांगितलं. ऑर्केस्ट्रात ते होते हे खरं होतं. वाद्यं टेंपोत चढवायची आणि उतरवायची, हे त्यांचं काम. गिटार वाजवणारा कार्यक्रमाआधी पडद्याआड बसून तारा लावायचा, तेव्हा हे बाजूला उभे राहून बघत. शिकवलं कुणी नाही. बघून बघून जेवढं डोक्यात राहिलं तेवढं घेऊन ते गावी आले. आणि गावाने त्यांना सर केलं.

"विसरलात तर विचारायचं होतं," मी म्हटलं.

"कुणाला विचारणार गो? इथे मीच तर सर."

मला त्यांची दया यायला हवी होती. मोज्यातला तो अंगठा, ते उतरलेलं तोंड, दयेचं सगळं सामान समोर मांडलेलं होतं. आली नाही. मला आठवत होतं ते माझ्या बोटांबद्दलचं बोलणं आणि चौघांचं हसणं. ते माफी मागतील म्हणून मी वाट बघितली. ते पाणी प्यायले, त्यांनी बूट घातले आणि जाताना म्हणाले, "मुलांना बोलू नको हां."

मी बोलले नाही. बोलून कळलं असतं अशातली ती मुलं नव्हती.

पुढच्या तासाला सरांनी सगळ्यांच्या गिटारी नव्याने लावल्या आणि सांगितलं, "इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, यू नो. म्हणून आजपासून आपण वेगळं ट्यूनिंग करणार." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुलांनी माना डोलावल्या. मग पाचही गिटारींवर पहिल्यांदा खरा ए मायनर वाजला. गिरणी चालू होती, जमीन थरथरत होती, पिठाचे कण उजेडात तरंगत होते, आणि त्या सगळ्यातून तो आवाज भरून आला. चांगला होता. इतका चांगला की त्या माणसांबरोबर तो वाजवावा लागतोय ह्याचं मला वाईट वाटलं.

बागायतदाराच्या मुलाने चष्मा काढला. "सर," तो म्हणाला, "आधीचंच भारी वाटत होतं."

दिवाळीनंतर क्लास बंद पडला. बागायतदाराच्या मुलाला वडिलांनी मोटारसायकल घेऊन दिली, आणि तो गेल्यावर उरलेले तिघे येईनासे झाले. मी घरी थोडे दिवस चालू ठेवलं. एका बोटाने सहाही तारा एकदम दाबाव्या लागणारा एक कॉर्ड असतो, तिथे माझी गाडी अडली ती अडलीच. तोवर मामाने पुढच्या सुट्टीत खरोखरच टेपरेकॉर्डर आणला. तो त्याने बाबांना दिला.

काही वर्षांनी, लग्न झाल्यावर, सासरच्या मंडळींना घेऊन मी गणपतीपुळ्याला गेले. दर्शन झालं, आणि किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात चहा प्यायला बसलो. तिथे माडांखाली एक माणूस खुर्चीवर बसून गिटार वाजवत होता. केस कमी झाले होते, बूट तसलेच. आता त्याला सगळे कॉर्ड येत होते. बोटं सरसर फिरत होती. पर्यटक कांदाभजी खात ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते.

त्यांनी मला ओळखलं. गाणं संपवून आमच्या टेबलापाशी आले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "ही माझी जुनी स्टुडंट. ए मायनर मी शिकवला हिला."

सासूबाईंनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. "खरंच गो?"

"हो," मी म्हटलं. सगळं सांगायचं तर चहा गार झाला असता.

सर जाऊन पुन्हा खुर्चीवर बसले आणि वाजवू लागले. खाऱ्या वाऱ्याने दुसरी तार थोडी उतरली होती. प्रत्येक कॉर्डात ती खाली ओढत होती. मला राहवेना. निघताना मी त्यांच्याजवळून गेले आणि हळूच म्हटलं, "सर, दुसरी तार उतरलीय."

"कळतंय," ते म्हणाले, आणि वाजवत राहिले.

पूर्वी त्यांना कळत नव्हतं. आता कळत होतं आणि चालत होतं. ह्या दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं, ह्यावर मी एसटीत बसून रत्नागिरीपर्यंत विचार केला. सासूबाई शेजारी बसून विचारत होत्या, एवढी विद्या येत असून मी घरात कधी काही वाजवून का दाखवत नाही.